डाव्या पायाखालचं पाणी: नव्या गाडीचा पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

मायलेज, डिकी, स्टार रेटिंग हे तुम्ही आधीच पाठ केलेलं असणार, त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीबद्दल. सर्व्हिसवाले तिला काऊल म्हणतात. शोरूममध्ये तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सनरूफचं व्हेरियंट मी मुद्दाम टाळलं. छताला भोक पाडून घ्यायचं आणि वर त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे, हे मला पटत नाही. पाणी मग दुसऱ्या वाटेने आत आलं.

कंपनीचं आणि डीलरचं नाव टाकत नाही, कारण ग्राहक आयोगात जायची वाट अजून मोकळी ठेवली आहे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आई पुढे बसली आणि म्हणाली, "अरे, चपला हातात घेऊन बसू का?" मॅट ओली, मॅटखालचं कार्पेट ओलं, आणि कार्पेटखालचा जाड फोम तर दाबला की बुडबुडे. वरून वाळल्यासारखं दिसतं, खाली पाणी तसंच. दोन दिवसांत कुबट वास. रद्दी अंथरली, डांबरगोळ्या ठेवल्या, बायकोने गाडीत बसायलाच नकार दिला. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? आमच्या घरी सकाळी उठून मॅट बघायचे.

सर्व्हिस सेंटरने आधी एसीचा ड्रेन पाइप साफ केला. मग काचेचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी. मग "काच थोडी उघडी राहिली असेल, सर." दर वेळी वॉशिंग बेमध्ये नेऊन वरून पाणी मारायचं, आत कोरडं निघायचं, जॉब कार्डवर ओके. आणि हे वाक्य ठरलेलं: "भारतातली ही पहिलीच केस आहे."

मी अंबडला प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्ये क्वालिटी बघतो, त्यामुळे असं ओके मला पचत नाही. एसी पूर्ण बंद ठेवला, तरी पाऊस पडला की पाणी. म्हणजे एसीचा संबंध नाही. पाण्याला रंग नाही, चिकटपणा नाही. म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंटही नाही. ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, ओढला, तर त्याचा एकच कोपरा भिजलेला आणि त्याला गुलमोहराची बारीक पानं चिकटलेली. पानं काही एसीत उगवत नाहीत.

काऊलमध्ये पडलेलं पावसाचं पाणी दोन्ही टोकांना वाहून फेंडरच्या आतून खाली जायला हवं. त्याच काऊलखाली डाव्या बाजूला ब्लोअरला बाहेरची हवा घेणारं तोंड असतं. पाणी त्यात जाऊ नये म्हणून तोंडाभोवती प्लास्टिकचा काठ उभारलेला असतो. या गाडीत तो काठ बुटका आहे. गाडी सपाट उभी असेल तर काही होत नाही. आमचं गंगापूर रोडचं पार्किंग उघडं आणि उताराचं: गाडीचं नाक खाली, डावी बाजू अजून जरा खाली. त्या कोपऱ्यात पाणी साचतं, काठ ओलांडतं आणि फिल्टरवरून थेट आईच्या पायाशी. वॉशिंग बे सपाट, म्हणून तिथे कधीच काही सापडत नव्हतं. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबूनही फरक नाही. आतला पडदा हवा अडवतो, पाणी त्याच्या कडेने जातं.

मी म्हटलं, मागचं उजवं चाक जॅकवर घ्या आणि मग पाणी मारा. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, तशी प्रोसेस नाही. जेवणाच्या सुट्टीत एका टेक्निशियन पोराने मात्र गुपचूप जॅक लावला, बाटलीने डाव्या कोपऱ्यात पाणी ओतलं, आणि ग्लोव्ह बॉक्समागून धार लागली. व्हिडिओ काढून कंपनीला मेल केला. उत्तर आलं: गाडी शक्यतो सपाट जागी पार्क करावी. आता कसारा घाटात ट्रॅफिक तुंबला की आधी घाट सपाट करून घ्यायचा का?

खरा संताप इथे आहे. आमच्याकडून एक पार्ट रिजेक्ट झाला की याच गाडीवाल्या कंपन्या लगेच कंटेनमेंट मागतात, म्हणजे खराब माल आहे तिथेच अडवा, मग एट डी रिपोर्ट, म्हणजे चूक शोधून सुधारल्याचा आठ टप्प्यांचा अहवाल, रूट कॉज म्हणजे मूळ कारण, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं त्याचे फोटो. "ऑपरेटरची चूक" असं लिहिलं तर रिपोर्ट परत फेकतात. आणि स्वतःच्या डिझाइनचा रूट कॉज काय, तर गिऱ्हाइकाचं पार्किंग!

मग कागदाची लढाई. १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडे पोचवते आणि तुम्हाला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळतो. पुढच्या मेलमध्ये ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ८४ घातलं. उत्पादनाच्या घडणीतला दोष वेगळा आणि डिझाइनमधला दोष वेगळा, दोन्हींना उत्पादक जबाबदार, असं त्यात सरळ लिहिलंय. जिल्हा आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. एवढ्यात सर्व्हिस सेंटरचं वॉशिंगही होत नाही.

रिकॉलचं, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने परत बोलावण्याचं कलम, मोटार वाहन कायद्यातलं ११०अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. पण ते सुरक्षेच्या किंवा पर्यावरणाच्या दोषासाठी. नुसत्या ओल्या कार्पेटला कोण विचारतो? म्हणून मी सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरचा फोटो जोडला. पिवळा म्हणजे एअरबॅगच्या सर्किटचा, आणि त्याच्या पिनेवर हिरवट गंज धरायला लागला होता. या फोटोनंतर कंपनीच्या मेलमधून "शक्यतो" हा शब्द गायब झाला.

इथवर लिहून ठेवलं तेव्हा एकच तारा देणार होतो. मग एरिया मॅनेजर आला, गाडी ठेवून घेतली, काऊल बदलला, कार्पेट फोमसकट बदललं, कनेक्टरही बदलला. वॉरंटीत. त्यानंतर नवरात्रात पाऊस धो धो कोसळला, त्याच उतारावर, आणि फिल्टर कोरडा. त्यामुळे तीन तारे. चालवायला गाडी खरंच चांगली आहे: इगतपुरीच्या पावसात ब्रेक, टायर, हेडलाइट यांनी कधी घाबरवलं नाही, आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढावर ओढ उत्तम.

पण जुना काऊल मी मागून घेतला आणि नव्याशी ताडून बघितला. नव्यात त्या तोंडाभोवतीचा काठ बोटभर उंच केलाय आणि शेजारी पाणी वळवायला एक रिब, म्हणजे उभी पट्टी, दिलीय. पार्ट नंबर तोच, फक्त शेवटचं अक्षर बदललेलं. प्लास्टिकच्या पार्टला मागे तो कधी बनला ते सांगणारं डेट इन्सर्ट असतं: छोटं गोल, कडेने बारा महिने, मधे वर्ष आणि बाण. नव्या काऊलचा बाण माझ्या पहिल्या तक्रारीच्या आधीच्या महिन्यावर होता. म्हणजे "भारतातली पहिलीच केस" ऐकत मी काउंटरवर उभा होतो, तेव्हा सुधारलेला पार्ट साच्यातून निघून झाला होता.

डीलरवरचा राग मात्र बराच उतरलाय. तो टेक्निशियन म्हणाला, "काका, कारण लिहून दिल्याशिवाय वॉरंटीचा क्लेम पास होत नाही, आणि कारण लिहायची आम्हाला परवानगी नाही." हीच गाडी असेल तर मॅट उचलून खालचा फोम दाबून बघा, आणि काऊल बदलायची वेळ आली तर पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर विचारा.

जॉब कार्डवर "काऊल बदलला" एवढंच होतं. "पाणी आत शिरण्याच्या तक्रारीवरून" हे शब्द घालून घेतल्याशिवाय मी सही केली नाही. केबिन फिल्टर कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारी वस्तू, आहे म्हणून त्याचे पैसे ते अजून मागतायत. देणार नाही.