गाठ काढली की स्तन काढला? घरी आल्यानंतरचे दिवस

स्तनाच्या कॅन्सरमध्ये नुसती गाठ काढली असेल तर बाई बहुधा त्याच दिवशी घरी येते आणि आठ-पंधरा दिवसांत हलकी कामं करू लागते. पण पुढे बहुतेकींना ३ ते ६ आठवडे रेडिएशन असतं आणि त्याचा थकवा हळूहळू चढत जातो.

पूर्ण स्तन काढल्यावर दवाखान्यात एक-दोन दिवस, सावरायला ४ ते ६ आठवडे. खरी दमछाक ड्रेनची. जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायला काखेखालून निघालेली नळी, टोकाला बल्ब. तो रोज रिकामा करायचा, किती मिली भरलं ते वहीत लिहायचं. आधी लालसर, मग फिकट पिवळं. दिवसभरात साधारण ३० मिलीपेक्षा कमी आलं की नळी निघते. छातीची बधिरता मात्र कित्येकींना कायमची राहते. हे आधी माहीत असलेलं बरं.

काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर दोन्ही ऑपरेशनांत हात आखडतो. डॉक्टरांना विचारून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम लवकर सुरू करा.

सुरुवातीच्या टप्प्यात रेडिएशनसह गाठ काढणं आणि स्तन काढणं, दोन्हींत जगण्याची शक्यता सारखीच. म्हणून ‘जास्त काढलं म्हणजे जास्त सुरक्षित’ असं धरून चालू नका. आणि ताप आला, जखम लाल होऊन तापू लागली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.