रंगभूमीवरचं पहिलं पुस्तक: इतिहास घ्यावा की नटाचं आत्मचरित्र?

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की नागपुरात कुणी ना कुणी विचारतंच, ‘मराठी रंगभूमीवर वाचायला काय घेऊ?’ बहुतेकांचा हात आधी इतिहासाकडे जातो. माझं मत उलटं आहे. पैसे आत्मचरित्रावर घाला, इतिहास ग्रंथालयातून आणा.

इतिहासात भारदस्त नाव श्री. ना. बनहट्टींच्या ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’चं. बनहट्टी आपल्या नागपुरातच मराठीचे प्राध्यापक होते, म्हणून इथल्या जुन्या मंडळींना या ग्रंथाचा जरा जास्तच अभिमान. 1957 चा हा खंड 1843 पासून, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या ‘सीतास्वयंवर’पासून सुरू होतो आणि 1879 ला थांबतो. संगीत नाटकांचा जमाना सुरू करणारं किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं 1880 मध्ये! म्हणजे ज्यांच्यासाठी आपण पुस्तक उघडतो ते बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ सगळे दाराबाहेरच. प्रबंध लिहायचा असेल तर या खंडावाचून चालायचं नाही. नुसती गोडी म्हणून घ्याल, तर लवकरच तो उशाशी पडून राहील.

आता आत्मचरित्रं. चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ आणि डॉ. श्रीराम लागूंचं ‘लमाण’, खरी निवड या दोघांतच आहे.

चिंतामणराव नट होते, तसेच मालकांपैकीही एक. 1918 मध्ये दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. त्यामुळे ‘बहुरूपी’ वाचताना टाळ्यांइतकाच गल्लाही दिसतो. मंडळीचं बिऱ्हाड या गावाहून त्या गावाला हलवायचं, कर्ज काढायचं, नटांची मनं सांभाळायची. पुढे बोलपट आले, सांगलीत या मंडळीनं 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढलं आणि त्यात हात पोळून घेतले. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, पण त्यासाठी वाचू नका. नाटक कंपनी चालते कशी आणि बुडते कशी, ते कळावं म्हणून वाचा.

‘लमाण’ची दुनियाच निराळी. कान-नाक-घशाचा चांगला चालता डॉक्टर 1969 च्या सुमारास पूर्णवेळ नट होतो आणि 1970 मध्ये ‘नटसम्राट’ येतं. त्याच वर्षीच्या ‘गिधाडे’चा किस्सा तर नाटकवाल्यांच्या तोंडी आहे. सेन्सॉरला साडीवरचा रक्ताचा लाल डाग नको होता. डाग निळा केला, आणि प्रेक्षकांना सांगून टाकलं की हा निळा डाग लालच समजावा! भूमिका कशी बांधली, कुठे अडली, हे इतक्या बारकाईनं सांगणारे नट मराठीत थोडेच. स्पर्धेत उभं राहायचं असेल तर आधी ‘लमाण’. दिग्दर्शन, निर्मिती, हिशेब यात रस असेल तर ‘बहुरूपी’. मला स्वतःला एकच ठेवायचं झालं तर मी ‘बहुरूपी’ ठेवीन.

गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ जुन्या ग्रंथालयात मिळाली तर सोडू नका. ‘एकच प्याला’तला पहिला सुधाकर तो हाच. नाटककार राम गणेश गडकरी 1919 च्या जानेवारीत आपल्या सावनेरला वारले, आणि नाटक रंगमंचावर आलं ते त्यांच्यामागे.

बायकांच्या बाजूनं हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ जरूर वाचा. त्यात नाटकापेक्षा सिनेमा जास्त, पण कलावंत बाईच्या कमाईवर घरातल्या कुणाकुणाचा डोळा असतो, हे इतकं उघड क्वचितच कुणी बोललंय.

झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची रंगभूमी, समजून घ्यायची असेल, तर मात्र यातलं एकही पुस्तक उपयोगाचं नाही. दिवाळीनंतर वडशाकडची गाडी पकडा आणि एक प्रयोग रात्रभर जागून बघा. वाचायचं ते नंतर.