मारिओ-कॉन्ट्रा पुन्हा खेळायचंय : गेम स्टिक घ्यावी की जुना डबा?

मे महिना जवळ आला की चाळिशी ओलांडलेल्या मित्रांपैकी कुणीतरी लहानपणी टीव्हीला जोडून खेळलेल्या व्हिडिओ गेमबद्दल हमखास विचारतो, "मारिओ-कॉन्ट्रा पुन्हा खेळायचंय रे, काय घेऊ?" विचारणारा आमच्या सिडको वसाहतीतला असेल तर पुढची दहा मिनिटं कुणाकडे कुठली गेमची कॅसेट होती यातच जातात. मग मुद्द्यावर येतो.

पर्याय मुळात दोनच. पहिला म्हणजे बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारी, आत गेम भरलेली गेम स्टिक : एलईडी टीव्हीच्या एचडीएमआयला खोचायची, खेळायचे दोन वायरलेस रिमोट घ्यायचे आणि सुरू करायचं. दुसरा म्हणजे सामुराई, लिटल मास्टर यांच्या पिढीतला व्हिडिओ गेमचा डबा, पिवळी नाहीतर काळी कॅसेट आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही. माझ्या घरात दोन्ही आहेत, त्यामुळे बायकोचं मतही दोन्हींबद्दल तयार आहे. ते इथे लिहीत नाही.

आधी स्टिकचं चांगलं सांगतो, कारण ते बरंच आहे. जागा लागत नाही. भाचे-पुतणे आले की दोन मिनिटांत लावता येते. वीज गेली तर खेळ जिथे जपून ठेवला होता तिथून पुढे सुरू करायची सोय, म्हणजे सेव्ह, बहुतेकांत असते. भारनियमनाच्या काळात आपण चौथ्या वर्ल्डपर्यंत पोचायचो आणि पंखा थांबायचा, ते आठवलं की ही सोय किती मोठी हे कळतं. बाकी पेटीवर लिहिलेल्या हजारो गेमचं फार मनावर घेऊ नका. आपल्या '9999 इन 1' कॅसेटमध्ये जे चालायचं तेच इथेही चालतं : नावं वेगळी, गेम तोच. खरे गेम आपण खेळतो ते दहा-बारा.

आता ज्यावर माझं गाडं अडलं ते. स्टिकवर उडी उशिरा लागते.

फार नाही, किंचित. पत्ते किंवा बुद्धिबळ खेळत असाल तर कळणारही नाही. पण मारिओच्या 8-1 मध्ये, म्हणजे आठव्या वर्ल्डच्या पहिल्या स्टेजमध्ये, दोन खड्ड्यांच्या मध्ये जेमतेम एका विटेची जागा आहे. पळत येऊन तिच्यावर टेकायचं आणि लगेच पुढची उडी घ्यायची. अंगठ्याला ही वेळ पाठ आहे. स्टिकवर अंगठा बरोबर वेळेला दाबतो आणि मारिओ बटण दाबलंच नसल्यासारखा सरळ खड्ड्यात चालत जातो. माझा मुलगा शेजारी बसून म्हणाला, "बाबा, तुम्हाला येत नाही वाटतं." येत नाही! स्टॉपवॉच लावून मी काही मोजलेलं नाही, पण त्याच संध्याकाळी आतल्या खोलीत जुन्या डब्यावर, ट्यूबच्या टीव्हीवर ती वीट मिळाली.

कारण सरळ आहे. वायरलेस रिमोट थोडा वेळ खातो, स्टिकमधला एम्युलेटर, म्हणजे जुन्या डब्याची नक्कल करणारा प्रोग्राम, थोडा खातो आणि एलईडी टीव्ही चित्र चकचकीत करण्यात आणखी थोडा खातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो आधी चालू करा, बराच फरक पडतो. पिक्चर ट्यूबमध्ये मात्र सिग्नल येईल तशी ओळ पडद्यावर उमटते, मध्ये कुणी थांबवत नाही. अर्थात माझ्या मुलाला स्टिकवर काहीच अडत नाही. तो शिकलाच तिच्यावर, बटण आधी दाबायची त्याला सवय आहे. तेव्हा घरात मुलंच जास्त खेळणार असतील तर माझी तक्रार तुमच्या कामाची नाही.

कॉन्ट्रामध्ये हाच त्रास भांडणापर्यंत जातो. धबधब्याची स्टेज आठवते? एकजण वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. लहानपणी त्यावरून रिमोट फेकले गेलेत. आता उडी उशिरा लागल्यामुळे मरायचं आणि वर भावाच्या शिव्या खायच्या, हे चाळिशीत सहन होत नाही.

आणखी एक गंमत, जी मला बरीच उशिरा कळली. आपले तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रांचे. हे गेम बनले जपान-अमेरिकेतल्या 60 चित्रांच्या टीव्हींसाठी. गेमचा वेग आणि गाण्याची लय दोन्ही त्या चित्रांच्या मोजणीवर चालतात. त्यामुळे आपल्याकडच्या पाल डब्यांवर मारिओ साधारण सहाव्या हिश्श्याने हळू पळायचा. स्टिकवर तो 60 ने पळतो, आणि "गाणं जरा घाईत वाजतंय का?" असं वाटत राहतं. ते कानांचं म्हातारपण नव्हे. लॅपटॉपवर खेळणाऱ्यांसाठी सांगतो, एफसीईयूएक्ससारख्या एम्युलेटरमध्ये 'डेंडी' नावाचं सेटिंग असतं. डेंडी हा रशियात विकला गेलेला आपल्यासारखाच डबा. ते निवडलं की ओळखीची चाल परत येते. वायरवाला यूएसबी रिमोट लावला तर लॅपटॉप हा वाईट मधला मार्ग नाही. रीतसर विकत घेऊन खेळायचं असेल तर कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीचा 2019 चा कॉन्ट्रा संच कॉम्प्युटरसाठी मिळतो. आपला जुना मारिओ मात्र तो बनवणारी निन्टेंडो कंपनी स्वतःच्या मशीनबाहेर देत नाही.

बदकांच्या गेमची, पडद्यावर रोखायची बंदूक तर फक्त ट्यूबवरच चालते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड ठरल्या क्षणी शोधतो. एलईडीवर तो क्षण टळून गेलेला असतो.

डब्याचं दुखणंही सांगायला हवं. टीव्ही जड, जागा खाणारा, आणि दुरुस्त करणारे कमी होत चाललेत. जुना डबा एव्ही-एचडीएमआय कन्व्हर्टरने एलईडीला जोडायच्या भानगडीत तर पडूच नका. उशीर आणखी वाढतो, आणि बरेच कन्व्हर्टर डब्याचा सिग्नल नीट न ओळखल्याने चित्र थरथरतं.

तरी तुमच्या घरात एक कोपरा निघत असेल आणि खेळणार तुम्हीच असाल, तर भंगारवाल्याकडे एक चक्कर मारून बघा. चौदा इंची पुरतो. मागे किंवा पुढे पिवळं एव्ही सॉकेट आहे ना ते पाहा. ट्यूब तपासायला पांढरा पडदा लावायला सांगा, कोपऱ्यात रंगाचे डाग दिसले तर सोडून द्या. मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जोराचा करंट साठलेला असतो. डब्याचा अॅडॉप्टर नवा घेतलात तर व्होल्टेज आणि प्लस-मायनस डब्यावर लिहिलेलंच जुळवा. आणि टीव्ही बघायला जाताना डबा, कॅसेट आणि रिमोट पिशवीत घालून न्या. दुकानातच 1-1 खेळून बघा, मग भाव करा.