सोलापूर ते लंडन ९ तास ५५ मिनिटं? विमानाचं अंतर सांगणाऱ्या साइट्सचा हिशेब

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या मोफत साइट्स बऱ्याच आहेत. सोलापूर-लंडन टाका: साधारण ७,५५० किलोमीटर, ९ तास ५५ मिनिटं. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून लंडनचं विमान सुटतच नाही, पण साइटला त्याचं काय! ती अंतराला ताशी ८०० ने भागते, चढ-उताराचा अर्धा तास मिळवते आणि मोकळी होते. दुसरी साइट ९०० ने भागते, म्हणून तिथे तासभर कमी दिसतो.

या साइट्सना अंतरासाठी पाचपैकी साडेचार गुण. ग्रेट सर्कल मॅपर या साइटवर विमानतळाचा तीन अक्षरी कोड (मुंबईचा BOM) टाका, शहराचं नाव नको. लंडनला विमानतळ अनेक आहेत. एकक किलोमीटर ठेवा, कारण सागरी मैल (१.८५२ किमी) आणि साधा मैल (१.६०९ किमी) यांत हमखास घोळ होतो. नकाशावरची मार्गाची रेघ वाकडी दिसली तरी ती चूक नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा, तो तसाच बसतो.

वेळेसाठी मात्र दोनच गुण. मुंबई-लंडनची ही रेघ (७,२०० किमी) पाकिस्तान आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं, भारतीय कंपन्यांसाठी पाकिस्तानचं एप्रिल २०२५ मध्ये. म्हणजे वळसा आलाच. शिवाय वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना उशीर आणि येताना लवकर. मुंबई-न्यूयॉर्कला हा फरक दीड-दोन तासांवर जातो, पण बहुतेक साइट्स दोन्ही बाजूंना एकच आकडा छापतात.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. दुपारी २ ला सुटून संध्याकाळी ७ ला लंडन म्हणजे पाच तास नव्हे. उन्हाळ्यात त्यात साडेचार मिळवा, साडेनऊ होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच मिळवायचे. यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही धरलेला असतो, साइटच्या आकड्यात तो नसतो.

सोलापूरकराचा खरा प्रश्न मुंबई की हैदराबाद हा, आणि इथे या साइट्स कामाला येतात. हैदराबाद-लंडन ७,७५० किमी, म्हणजे हवेत सुमारे ४० मिनिटं जास्त. उलट हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सोलापूरहून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि रिंगरोडने गेलं की शहरात शिरावंच लागत नाही. मुंबई चारशे, वर शेवटच्या तीस किलोमीटरचा भरवसा नाही. गाडी करून जाणार असाल तर हैदराबाद बघाच. रेल्वेने मुंबई सोपी, पण सकाळच्या वंदे भारतने दादरला उतरेपर्यंत दुपारचे बारा वाजून जातात. तिथून विमानतळाच्या टर्मिनल दोनला तास, आणि उड्डाणाआधी तीन तास हजर राहायचं. त्यामुळे दुपारी ४:३० च्या आधीच्या विमानाला ती धरू नका, आदल्या रात्रीचीच गाडी घ्या.

वाटेत उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर साइटच्या आकड्यावर विसंबू नका. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर पहिल्या विमानाचा नंबर टाकून गेल्या आठवड्यातल्या उतरण्याच्या खऱ्या वेळा बघा आणि त्यातली सगळ्यांत उशिराची धरा.