बादलीतला मुरवलेला चुना: ‘आल्बारिउस’ या शब्दाच्या कसोटीवर

भिंती पांढऱ्या करण्यासंबंधीच्या कामाला लॅटिनमध्ये ‘आल्बारिउस’ हे विशेषण लावतात. ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा, त्यावरून ते आले. पण त्यात नुसती सफेदी येत नाही. विट्रुव्हिअस या प्राचीन रोमन वास्तुविशारदाच्या ग्रंथात सभागृहाच्या भिंतींना निम्म्या उंचीवर लाकडाचे किंवा ‘आल्बारिउम’चे, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्याचे, कंगोरे काढावेत असे सांगितले आहे. चुन्याने भिंत घडवण्याचा हा अर्थ मनात ठेवूनच मी विझवून मुरवलेल्या चुन्याची तयार बादली एका खोलीसाठी वापरली.

चुना उत्तम आहे. झाकण काढल्यावर वर निवळी आणि खाली लोण्यासारखा मऊ गोळा होता. विट्रुव्हिअसने चुना पारखण्याची रीतच दिली आहे: लोखंडी अवजार घातल्यावर खडे लागले तर चुना पुरता विझलेला नाही, अवजार कोरडे निघाले तर त्यात कस नाही, आणि सरसासारखा चिकटला तर तो नीट मुरला आहे. माझ्या थापीला चुना इतका धरून राहिला की तो बोटाने निपटून काढावा लागला.

दुधाइतका पातळ करून, भिंत आधी ओली करून, मी चार हात दिले. पहिला हात ओला असताना जवळजवळ दिसतच नाही, पण त्याला घाबरून दाट थर देऊ नये. वाळू लागताच पांढरेपणा वर येतो आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून थर हळूहळू घट्ट होतो. खिडकीजवळच्या उन्हाच्या पट्ट्यात दुसऱ्या हाताआधी पाणी मारायचे माझ्याकडून राहिले आणि तिथे हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. हा दोष चुन्याचा नव्हे. बाकी भिंतींचा मंद, खोल पांढरेपणा मला प्लास्टिक रंगात कधी मिळाला नव्हता.

तक्रार आहे ती वेष्टनाची. ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तरी ती सूचना तळाशी बारीक अक्षरांत छापली आहे. शिवाय चुना ‘दीर्घकाळ मुरवलेला’ असल्याचे लिहिले आहे, पण तो कधी विझवला हे नाही. तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना ठेकेदाराने वापरू नये, असा जुना नियम प्राचीन रोमन लेखक प्लिनीने नोंदवला आहे आणि त्यामुळेच त्या काळच्या गिलाव्याला तडे गेले नाहीत, असेही तो म्हणतो. दुसरी बादली मला हवीच आहे; ती मागवताना मी चुना विझवल्याची तारीख लेखी मागितली आहे.