एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह: वस्तू चांगली, पण लॅपटॉप बूट न होण्याचं खापर हिच्यावर फोडू नका

हा यूएसबीचा स्लिम डीव्हीडी रायटर घेतला तो एकाच कामासाठी. जुना लॅपटॉप हार्ड डिस्कवरून उठेना (बूट होईना, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरूच होईना), आतला डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क टाकली की नुसता घरघर करायचा आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'. हा जोडला, लॅपटॉप उठला, माझ्याकडून चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगतो, पण आधी ते एक-एक स्टारवाले रिव्ह्यू, 'यावरून बूटच होत नाही, फालतू माल आहे' टाइपचे. ते वाचून मला सरळ दिसतंय की त्यातल्या बऱ्याच जणांचा घोळ दुसरीकडेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आतला ड्राइव्ह खरंच गेलाय का ते बघा, आणि गाण्यांची सीडी लावून बघू नका, त्याने काही कळत नाही. सीडी वाचायचा लेसर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, दोन वेगळे असतात, त्यामुळे एक मरतो आणि दुसरा ठणठणीत राहतो. माझ्याकडे अगदी हेच होतं, सीडी मस्त वाजायची आणि डीव्हीडी टाकली की ड्राइव्ह आंधळा. त्यामुळे चेक करायचं तर ज्या प्रकारची डिस्क बूट करायचीय त्याच प्रकारची टाकून करा. आणि एकदम जुना, नुसता सीडीवाला ड्राइव्ह असेल तर तो डीव्हीडी वाचणारच नाही, ट्रेवर काय छापलंय ते वाचा आधी.

दुसरं, डिस्क. आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) उचलून डिस्कवर कॉपी केली तर ती बूट होत नसते हो! कुठल्याही चालू कॉम्प्युटरवर डिस्क उघडून बघा, आत एकच भलीमोठी आयएसओ फाइल दिसली तर ती डिस्क वाया गेली, वेगवेगळे फोल्डर दिसले तर बरोबर. विंडोज ७ पासून पुढे आयएसओवर राइट क्लिक केलं की 'बर्न डिस्क इमेज' येतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त व्हेरिफाय वर टिक करा. त्यात स्पीड निवडता येत नाही, कमी स्पीडला बर्न करायचं तर मात्र वेगळं सॉफ्टवेअर घ्या, कारण जुने ड्राइव्ह फुल स्पीडला बर्न केलेल्या डिस्कला नाकं मुरडतात, रीरायटेबल डिस्कला तर जास्तच. आणि साइज बघा राव, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओच ५ जीबीच्या पुढे जाते. तसंही जुन्या मशीनला ती झेपणार नाही, त्याला पपी लिनक्ससारखी एखादी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम द्या, काहीशे एमबीत काम होतं, सीडीवरही बसतं. ३२ बिटचा प्रोसेसर आणि ६४ बिटची डिस्क असेल तर लिनक्स निदान तोंडावर सांगतं की हा प्रोसेसर चालणार नाही. तो मेसेज दिसला तर खूश व्हा, म्हणजे डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही चालतायत.

आता बायोस, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, सेटिंग सांभाळणारा प्रोग्रॅम. ड्राइव्ह जोडून, आत डिस्क टाकून मगच लॅपटॉप चालू करायचा, कारण बऱ्याच जुन्या मशीन चालू होताना जे दिसेल तेवढंच यादीत घेतात, मागाहून जोडलं तर 'यूएसबी सीडी-रॉम' ही ओळ येतच नाही आणि आपण शोधत बसतो. बायोसमध्ये बूटची ऑर्डर (आधी कशावरून उठायचं तो क्रम) बदलत बसण्यापेक्षा बूट मेन्यूची की दाबा, कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप, लोगो दिसायच्या आधीपासून टकटक करत राहायचं. मग विंडोजची डिस्क असेल तर 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी' आणि पुढे टिंबं वाढत जातात, पाचेक सेकंद मिळतात, तेवढ्यात कुठलीही की दाबली नाही तर गडी परत हार्ड डिस्ककडे, आणि लोक लिहितात ड्राइव्ह खराब. २०१२ नंतरचा, विंडोज ८ सोबत आलेला लॅपटॉप असेल तर सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम अडवणारं सेटिंग) आड येतो, तो बंद करा आणि लेगसी मोड (जुन्या पद्धतीचं बूट) चालू करा, तरच जुन्या डिस्क उठतात. सेटिंग केलेलं दुसऱ्या दिवशी गायब आणि तारीख पार मागे गेलेली? मग आतला छोटा सेल संपलाय, बहुतेक सीआर२०३२, तो बदला.

आता कापलेला स्टार. या ड्राइव्हला करंट पुरत नाही. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना याला त्याहून जास्त लागतो. म्हणजे काय होतं, लाइट लागतो, डिस्क वेग घेते, मध्येच 'टक्', लाइट गेला, परत पहिल्यापासून. दोन यूएसबी पिनांची वाय केबल आणून ड्राइव्हच्या केबलला जोडली, दुसरी पिन दुसऱ्या पोर्टात खोचली आणि एकदम शांत झाला. ही केबल बॉक्समध्येच द्यायला काय हरकत होती? त्यात ड्राइव्हची स्वतःची केबल वीतभर आणि खालच्या खाचेत फिक्स, ती तुटली की सगळंच गेलं. मॅन्युअल सीडीवर दिलंय, ज्याचा ड्राइव्ह मेलाय म्हणून तो हा घेतोय त्याने ते वाचायचं कशात देव जाणे.

तर घ्यावा का? लॅपटॉप पेनड्राइव्हवरून बूट होत असेल तर बूटसाठी हा अजिबात घेऊ नका, व्हेंटॉय किंवा रुफस (पेनड्राइव्ह बूटेबल करणारे प्रोग्रॅम) वापरा, वेळ वाचेल. बायोसमध्ये यूएसबी बूटच नसेल तर हाही कामाचा नाही, मग आतलाच ड्राइव्ह बदलावा लागतो. तो बऱ्याच मॉडेलमध्ये एका स्क्रूवर असतो, सरकवून बाहेर येतो, पण घेताना जाडी बघा, १२.७ मिमी की ९.५, आणि जोडणीचा प्रकार आयडीई की साटा, नाहीतर हातात घेऊन बसाल. उरले ते लॅपटॉप जे पेनड्राइव्हला ओळख दाखवत नाहीत पण यूएसबी सीडी-रॉम चालवून घेतात, माझा त्यातलाच. तसा असेल तर डोळे झाकून घ्या, आणि ऑर्डरमध्ये वाय केबल विसरू नका.