घरातली हवा मोजायचं मशीन: आठ महिने वापरून मग लिहितोय

आईला दमा आहे, वीसेक वर्षं झाली आता. रात्री तिचा खोकला सुरू झाला की आम्ही मोबाईलवर शहराचा एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा निर्देशांक) बघायचो, आणि तो आकडा यायचा कुठल्यातरी लांबच्या केंद्रावरचा, इकडे आई खोकतेय आतल्या खोलीत. त्या दोन्हीचा मेळच लागायचा नाही. म्हणून शेवटी घरात ठेवायचं एअर क्वालिटी मॉनिटर घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि घरगुती मशीन कुठलंही घ्या, धुराचे कण मोजायची पद्धत जवळपास सारखीच असते, त्यामुळे हे वाचून उपयोग होईल असं वाटतं.

आधीच सांगतो, हे मशीन हवा साफ करत नाही, फक्त मोजतं. माझ्या मित्राने पण हाच प्रश्न विचारला की मग घेऊन फायदा काय. फायदा हा की खिडकी कधी उघडायची आणि कधी लावायची हे पहिल्यांदा नीट कळायला लागलं.

आमच्या मशीनवर मुख्य आकडे दोन, पीएम २.५ आणि कार्बन डायऑक्साइड. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड, म्हणजे असे पंचवीस-तीस कण शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कुठे एका केसाएवढी रुंदी होते. नाकातल्या केसांना हे अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले अगदी बारीक रक्तात सुद्धा उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याची मर्यादा आणखी खाली आणली, वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर (आधी १० होती) आणि २४ तासांची १५. आमच्या घरात पहिल्या आठवड्यात एकदाही १५ च्या खाली आकडा दिसला नाही. ते बघून खरंच पोटात गोळा आला, कारण आम्ही घर स्वच्छ ठेवतो, रोज झाडू-पोछा होतो, आणि धूळ दिसत नाही म्हणजे हवा चांगली असं धरून चाललो होतो.

एक सकाळ लक्षात राहिली. सहा वाजता स्क्रीनवर ३८ होतं. आई उठून बसली आणि म्हणाली, "अरे, कुठेतरी कचरा जाळतायत." मला काहीच वास आला नाही, मशीन पण ३८ वरच. तीन-चार मिनिटांनी आकडा हलला, ५०, मग ९०, मग दिवा लाल आणि २१० वर जाऊन थांबला. तेव्हा मी खिडकीत जाऊन बघितलं तर मागच्या बाजूला प्लास्टिक आणि पालापाचोळा एकत्र पेटवलेला, धूर वर न जाता जमिनीलगत पसरलेला, कारण थंडीच्या पहाटे वर गरम हवेचा थर बसला की खालचा धूर तिथेच कोंडतो. आईचं नाक मशीनच्या पुढे निघालं हे खरं, पण तिच्या बोलण्याला आकड्याची साथ मिळाली हे जास्त महत्त्वाचं. इतकी वर्षं ती "मला त्रास होतोय" म्हणायची आणि आम्ही "होईल बरं" म्हणायचो. त्या दिवशी मी स्क्रीनचा फोटो काढला, खाली गेलो, जाळणाऱ्या माणसाला दाखवला, आई आजारी आहे म्हणून सांगितलं. त्याने पाणी ओतून विझवलं. पुढच्या आठवड्यात परत पेटलं ते पण सांगतो, पण आता मी दर वेळी तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवतो आणि तक्रार करताना ते सगळं जोडतो.

दुसरा आकडा कार्बन डायऑक्साइडचा, आणि इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला. बाहेरचा धूर नको म्हणून आम्ही आईच्या खोलीची दारं-खिडक्या रात्रभर घट्ट लावून ठेवायचो. पहिल्या रात्री दोन वाजता बघितलं तर १९०० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १९०० भाग)! बाहेरच्या मोकळ्या हवेत ते ४२० च्या थोडं वर असतं. खोलीतला हा वायू आपल्याच श्वासाचा, म्हणजे त्याने लगेच काही होतं असं नाही, पण हजाराच्या वर गेलं की खोलीत ताजी हवा पुरेशी येत नाहीये अशी खूण समजतात, आणि आई सकाळी डोकं जड आहे म्हणून उठायची त्याचा थोडा उलगडा झाला असं मला वाटतं. आता आम्ही मधलं दार किलकिलं ठेवतो, बाहेर पीएम कमी असलेल्या वेळी (आमच्याकडे ती दुपार निघाली, पहाट नाही) सगळ्या खिडक्या अर्धा तास सताड उघडतो, आणि रात्रीचा आकडा ९०० च्या आसपास राहतो. पूर्वी आम्ही नेमकं उलट करायचो, "सकाळची ताजी हवा" म्हणून पहाटे खिडक्या उघडायचो.

या ४२० बद्दल थोडं जास्त लिहितो कारण रोज तो आकडा बघून माझ्या डोक्यात तो घर करून बसलाय. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी २८०. मशीन बाल्कनीत नेऊन दहा मिनिटं ठेवलं आणि स्क्रीनवर ४२६ आलं तेव्हा वाटलं की आजोबांच्या लहानपणी हेच मशीन असतं तर आकडा तिनशेच्या घरात आला असता. घरातला १९०० खिडकी उघडली की पाच-दहा मिनिटांत खाली येतो, पण बाहेरचा जो वाढलाय त्याला उघडायला खिडकीच नाही, तो शेकडो वर्षं तसाच राहतो. आणि श्वासातून जो बाहेर पडतो त्याने पृथ्वी तापत नाही हं, तो अन्नातून आलेला असतो, झाडांनी हवेतूनच घेतलेला. तापवतो तो कोळसा, तेल आणि गॅस जाळून जमिनीखालचा वर आणलेला. त्याच जळण्यातून काजळी पण निघते, ती हवेत जेमतेम काही दिवस टिकते पण तेवढ्यात ऊनही शोषते आणि आईच्या छातीतही जाते. म्हणजे धूर कमी केला तर दोन्हीकडे फरक पडतो, आणि आईच्या छातीतला फरक तर त्याच आठवड्यात दिसतो.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी म्हणजे दमट हवेत मशीन चुकतं. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, त्या हवेवर लेझर पडतो आणि कणांवरून प्रकाश किती विखुरला यावरून वजनाचा अंदाज केला जातो. अंदाज, वजन नाही! त्यामुळे पाण्याचे थेंबही त्याला कणच वाटतात. गरम पाण्याने अंघोळ करून बाथरूमचं दार उघडलं तर आकडा १८० वर, धूर कुठेच नाही. धुक्याच्या दिवशी पण तेच. मशीनवर आर्द्रता दिसत असेल तर ती ८०-८५ टक्क्यांच्या वर असताना पीएमवर फार विश्वास ठेवू नका. हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, कस्टमर केअरला तीनदा फोन केला तर "रीस्टार्ट करा" एवढंच सांगितलं, याचा मला खरंच राग आला, कारण घरात दम्याचा पेशंट असताना खोटा लाल दिवा म्हणजे काय होतं ते फोनवरच्या माणसाला माहीत नसतं. आई घाबरून पंप हातात घेऊन बसली होती.

दुसरं, ॲपमध्ये जो एक्यूआय दाखवतात तो बंद करून सरळ मायक्रोग्रॅम ठेवा. एक्यूआयचं गणित प्रत्येक देशाचं वेगळं, तेवढ्याच धुराला एकीकडे पिवळा आणि दुसरीकडे केशरी रंग येतो. अमेरिकेने तर २०२४ मध्ये स्वतःचेच टप्पे बदलले. शिवाय एक्यूआय मुळात २४ तासांच्या सरासरीवर बेतलेला, आणि ॲप या मिनिटाचा आकडा त्यात घालून दाखवतं.

तिसरं, घेताना हे नक्की विचारा की कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट तोच वायू मोजणारा) आहे का. काही मशीनमध्ये तो नसतोच, दुसऱ्याच वायूंवरून आकडा रचून दाखवतात. मी पहिलं घेतलेलं तसलंच निघालं, हाताला सॅनिटायझर लावलं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट! परत केलं. आणि खऱ्या सेन्सरलाही आठवड्यातून एकदा तरी मोकळी हवा दाखवावी लागते, कारण तो सगळ्यात कमी आलेल्या आकड्याला बाहेरची हवा समजून स्वतःला जुळवतो, सतत बंद खोलीत राहिला तर हळूहळू भरकटतो.

कार्बन मोनॉक्साइड हे मशीन मोजत नाही, कृपया त्याच्या भरवशावर बंद खोलीत काहीही पेटवू नका, त्याचा अलार्म वेगळा मिळतो. गॅसच्या शेगडीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड पण यात दिसत नाही, म्हणून आकडा काही का असेना, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालूच ठेवायचा.

बॅटरी कामाची नाही, वायर लावूनच ठेवावं लागतं. पंख्याचा बारीक आवाज येतो, रात्री ऐकू येतो. दर पाच मिनिटांनी मोजायचं सेटिंग केलं तर आवाजही कमी आणि लेझरही जास्त टिकतो, पण मग अचानक आलेला धूर उशिरा कळतो, म्हणून आम्ही सततच ठेवलंय.

घरात दम्याचं माणूस, लहान बाळ किंवा वयस्कर कोणी असेल तर घ्या असंच सांगेन, एअर प्युरिफायरच्या आधी हे घ्या, म्हणजे प्युरिफायर लागतो का आणि कुठल्या खोलीत लागतो ते तरी कळेल. पाचपैकी साडेतीन स्टार, दीड कापला तो दमट हवेचा आणि कस्टमर केअरचा. आणि घेताना आकडे मोठे दिसतील असाच डिस्प्ले बघा. आमच्याकडे ॲप कोणी उघडत नाही, आईच पलंगावरून चष्मा न लावता आकडा वाचते आणि मला हाक मारते, "अरे, चाळीसच्या वर गेलं, खिडकी लाव."